शाई आधी काढलीस?

मामीचा फोन आला तेव्हा मी मामाच्या दुकानात फ्रेम धूत होते. तिच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे छपाईचं चित्र धरणारा जुना थर, काढायचं द्रावण लावलेलं होतं. ते वाळू द्यायचं नसतं. वाळलं की इमल्शन कायमचं चिकटून बसतं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी आधी फ्रेम धुतली, हात पुसले आणि मग उचलला. “हे गेले गं,” मामी म्हणाली. मामानंही आधी फ्रेमच धुतली असती, असं सगळे म्हणतात. मला पाच आठवड्यांनंतरही खात्री नाही...

मामाचं शनिवार पेठेत स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान. कॉलेज संपल्यावर मी तिथे जाऊ लागले, कारण तिथे फारसं बोलावं लागत नसे. पहिल्याच महिन्यात कर्वेनगरच्या एका कॉलेजचे टी-शर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते. त्या मापाची फ्रेम एकच होती आणि तिच्यावरचं जुनं इमल्शन मी काढत होते. मधला एक पट्टा काही केल्या सुटेना.

“शाई आधी काढलीस?” मामानं विचारलं.

“हो.”

खरं तर घाईत तिथे शाईचा पातळ थर राहिला होता. शाईखाली द्रावण पोचत नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. त्यानं पुन्हा द्रावण लावलं, ब्रशनं घासलं, शेवटी द्रावण विकणाऱ्याला फोन लावला. “अहो, औषध दिलंत की गुलाबपाणी?” तो माणूस पलीकडून शपथा घेत होता. जाळी कडेनं वाळत चाललेली मला दिसत होती आणि मी गप्प होते. फोन ठेवून मामा माझ्याकडे वळला. “शाई काढलीस का, हे आता इंग्रजीत विचारू का?”

“थोडी राहिली होती,” मी म्हणाले.

त्यानं जाळीवर बोट फिरवलं. वाळली होती. “दहा मिनिटं आधी बोलली असतीस तर वाचली असती.” एवढंच. मग त्यानं त्या माणसाची माफी मागितली, कॉलेजला कळवलं, “आमच्या हातून चूक झालीये, उद्या संध्याकाळी देतो,” आणि जाळी कापायला बसला. उद्यापासून येऊ नकोस म्हणेल, अशी माझी खात्री होती. त्यानं नव्या जाळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. “ओढून धर.”

त्यानंतर प्रत्येक फ्रेमच्या वेळी तो “शाई आधी काढलीस?” असं विचारायचा, आणि फ्रेमकडे नाही, माझ्याकडे बघत थांबायचा.

परवा मी एकटीच फ्रेम घेऊन नळाशी उभी राहिले. कुणी विचारलं नाही. तरी सवयीनं मोठ्यानं म्हणाले, “काढली.” मग फ्रेम उजेडात धरून पाहिली. एका कोपऱ्यात राहिली होती.

“थांब, राहिलीये,” मी म्हणाले आणि पुन्हा फडकं घेतलं.