तीन पानांची फुंकर

सिंगापुरातल्या चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये जुनी कागदपत्रं आवरताना एका डायरीतून तीन वाळकी पानं रुपालीच्या मांडीवर पडली. तिनं ती लगेच ओळखली.

रुपाली बोगद्यांची इंजिनिअर. इथं MRTच्या, म्हणजे मेट्रोच्या कामावर येण्याआधी ती दोन वर्षं पेरूमध्ये, अँडीजच्या डोंगरात रस्त्याचा बोगदा खोदत होती. तिथल्या विरळ हवेत पहिल्याच दिवशी तिला भोवळ आली, तेव्हा एउसेबियो नावाच्या म्हाताऱ्या मुकादमानं तिला तिथले लोक थकव्यावर चघळतात ती कोकाची पानं दिली. "गालात धरा, इंजिनिअरबाई. हळूहळू रस गिळा."

रोज कामाआधी तो तीन पानं बोटांत पंख्यासारखी धरायचा, डोंगराकडे बघून फुंकर घालायचा आणि ती मातीत पुरायचा. म्हणायचा, "ज्या धरणीचं पोट फाडायचं, तिला आधी विचारायला नको?"

एका सकाळी काम मागं पडलं होतं. "आज राहू द्या," म्हणत रुपालीनं त्याच्या हातातली पानं घेऊन डायरीत ठेवली. तो मुकाट आत गेला. तासाभरात छत कोसळलं, त्यात तो गेला. चौकशीत खडकातली भेग निघाली. दोष कुणाचाच नाही, असं ठरलं.

पण तेव्हापासून बोगद्यात उतरलं, की तिच्या मानेवर कुणीतरी हलकेच फुंकर घालायचं. हवेच्या पंख्यांची दिशा तिला पाठ होती. ही फुंकर उलट्या बाजूनं यायची.

"यातूनच कोकेन काढतात, ही पानं इथं सापडली तर तुरुंग आहे!" नवरा धम्मानंद हादरलाच. "आधी टाक." तिनं ती चुरडून फ्लश केली. हाताचा गवती वास मात्र साबणानं जाईना.

तिनं फुंकरीचं सांगितल्यावर तो म्हणाला, "आपण असलं काही मानत नाही, रुपाली."

"मी नाहीच मानत. पण तो मानत होता. आणि मी त्याला करू दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवून एउसेबियोच्या मुलीला, हुस्तिनाला फोन लावला. मोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं.

"सहा वर्षं लागली तुम्हाला?" हुस्तिनानं विचारलं.

"हो," रुपाली म्हणाली.

"थांबा. फोन घेऊन त्याच्या थडग्याकडे जाते. पानं आहेत माझ्याकडे. ज्याच्या वतीनं ठेवायची, त्याचं पूर्ण नाव सांगावं लागतं."

रुपालीनं स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गावाचंही सांगितलं. मग फोन कानाशी घट्ट धरून ती तिकडचा वारा ऐकत बसली.