डाव्या तर्जनीचं नख

कमळ म्हात्रेच्या डाव्या तर्जनीचं नख अठ्ठावीस वर्षांत कुणी स्वच्छ पाहिलं नव्हतं. पेणच्या खारेपाटातल्या त्यांच्या गावात निम्म्या घरांत गणपती घडतात आणि कमळ त्या गणपतींचे डोळे काढते. या कामाला आखणी म्हणतात. बाकीचं सगळं रंगकाम उरकलं की मूर्ती शेवटी आखणीवालीच्या पुढ्यात येते. बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवायचा, टोकाला किती रंग आलाय ते डाव्या तर्जनीच्या नखावर रेघ ओढून बघायचं, मग श्वास धरायचा आणि पापणी एका दमात ओढायची. मध्येच श्वास सोडला की हात हलतो. नखावरचा रंग पुसायच्या भानगडीत कमळ पडत नसे, कारण उद्या सकाळी परत तेच.

यंदा आषाढात, भर दुपारी तीनला, तिची रेघ चुकली. मूर्तीचा डावा डोळा झाला होता, उजव्याची पापणी अर्ध्यावर आली होती, आणि तिथून रेघ जी निघाली ती थेट सोंडेवर उतरली. कारखान्याचा मालक गणराज धावत आला. पाहतो तर काकी पाटावर ताठ बसलेली, हातात ब्रश धरलेला आणि डोळे मिटलेले.

"काकी, झोपलीस तू," तो हळूच म्हणाला.

"न्हाय रं, जरा डुलकी आली," कमळ म्हणाली. पण गेल्या वर्षभरात जेवताना, एसटीत, अगदी पाणी भरतानासुद्धा अशी जरा डुलकी येत होती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

कारखान्यातल्या बायकांनी निदान लगेच केलं. अठ्ठावीस वर्षं देवाचे डोळे काढणाऱ्या बाईला नजर लागणारच! मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच आला नाही, म्हणजे नजर चांगलीच जबर होती. सोंडेवरची रेघ पुसली, पण डोळा तसाच राहिला. एका हातानं सुरू झालेला डोळा दुसऱ्या हातानं पुरा करायचा नाही, हा गणराजच्या वडिलांच्या वेळचा नियम. मूर्तीवर फडकं टाकून तिला वरच्या फळीवर ठेवलं. कमळच्या पाटावर राहुल नावाचा पोरसवदा कारागीर येऊन बसला आणि काकीच्या वाट्याला पितांबराचे काठ आले. नवी विटी, नवं राज्य. काठ रंगवताना कमळची नजर सारखी वरच्या फळीकडे जाई. आपला पाट आपल्याला परत हवा आणि तो डोळा आपल्याच हातानं पुरा व्हायला हवा, एवढंच तिच्या मनात होतं.

सुनेला, हेमालीला, मात्र मीठ-मिरच्या पटल्या नाहीत. तिनं सासूला पेणला डॉक्टर तेजस्वींकडे नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घोरता का?"

कमळ पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. पुरुष घोरला तर लोक म्हणतात, दमून आलाय बिचारा. बाई घोरली तर गावभर हसण्यावारी जाते. या एका लाजेपायी कमळ लग्नघरी कधी पाठ टेकत नसे. हळदीला रात्रभर जागी राहून भांडी घासायची आणि लोक म्हणायचे, काय कामाची बाई आहे! नवरा नामा नऊ वर्षांपासून पडवीत झोपायचा. आत उकडतं म्हणायचा. पौषातही त्याला आत उकडत असे, आणि कमळनं ते कधी खोदून विचारलं नव्हतं.

"घोरतात," हेमालीनं सांगून टाकलं.

चार दिवसांनी परेश नावाचा मुलगा पनवेलहून मशीन घेऊन घरी आला. छातीला पट्टा, नाकाखाली नळी आणि बोटाला चिमटा. नेलपॉलिश असेल तर काढून ठेवा, असं त्यानं बजावलं. पन्नाशीच्या बाईला नेलपॉलिश विचारतोय म्हणून कमळला हसू आलं. आपण कुठं लावतो नेलपॉलिश! पट्टा बांधून, नळी लावून, डाव्या तर्जनीत चिमटा घालून ती झोपली.

रिपोर्ट हेमालीच्या मोबाइलवर आला. आठ पानं, सगळी इंग्रजीत. झोपेचे डॉक्टर पेणला महिन्यातून एकदाच येत आणि त्यांची तारीख चोवीस दिवसांनी मिळाली. हेमाली म्हणाली, "आई, डॉक्टर सांगतीलच की तेव्हा."

"चोवीस दिस मी काय त्या कागदाकडं बगत बसू? ज्याच्यापायी माजा पाट गेला, त्यात लिवलंय काय, ते मला कळाया पायजे," कमळ म्हणाली. तिनं चहाचे कप बाजूला सारले आणि नातवाची वही पुढ्यात ओढली.

हेमालीचं बी.कॉम. झालेलं. तिनं तेजस्वी डॉक्टरांना दोनदा फोन केला आणि अर्थ लावला. झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मग झोप मोडल्याशिवाय तो परत सुरू होत नाही. पूर्ण थांबतो तासाला एकवीस वेळा, अर्धवट अडतो सतरा वेळा. बेरीज अडतीस. तीसच्या वर गेलं की आजार जोराचा.

"म्हंजी मी झोपतच न्हाय," कमळ म्हणाली. "तासाला अडतीस येळा उठते."

"हो. फक्त तुम्हाला ते आठवत नाही."

मग कमळच्या डोक्यात भलतंच आलं. आयुष्यभर पापणी ओढताना श्वास धरला, तीच खोड झोपेत लागली असणार. म्हणजे आखणीनंच हे केलं, आणि बरं व्हायचं तर आखणी सोडावी लागणार! दोन दिवस ती धड जेवली नाही. अखेर तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन लावून विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, तसं काही नसतं काकी, जागेपणी धरलेला श्वास तुमच्या हुकमात असतो, झोपेत गळा आपला आपण मिटतो. सोनारानं कान टोचले आणि कमळ जेवली.

पण रिपोर्टात आणखी एक आकडा होता, आणि त्यानं सगळ्या घराची झोप उडवली. रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या वर हवा. कमळचा सगळ्यात खाली गेलेला आकडा होता अठ्ठावन्न. नामानं फर्मान काढलं, "कारखान्यात पाय टाकायचा न्हाय." गणराज घरी येऊन म्हणाला, "काकी, यंदाचा सीझन सोड. जिवापेक्षा डोळे मोठे हायेत काय?" तो मायेनंच बोलला, पण कमळला ते लागलं. पितांबराचे काठसुद्धा गेले.

बाई घरी बसली. दिवसभर हातात वही आणि समोर मोबाइल. आकडे पाठ झाले, तशी ती रिपोर्टातल्या रेघांकडे वळली. इंग्रजी तिचं नव्हतं, पण रेघ तिची होती. वरची रेघ श्वासाची, खालची ऑक्सिजनची. बोटांनी चित्र मोठं करून ती तासन्‌तास बघत बसे. आठव्या दिवशी तिनं हेमालीला हाक मारली.

"ही खालची रेघ खोटी हाय."

"आई, मशीननं काढलीय ती."

"मशीन काडंल न्हायतर कोण काडंल. ह्या बग, हितं श्वास चांगला चाललाय, तरी खालची रेघ धाडकन पडली. हितं तर मदीच तुटली. खरी रेघ अशी तुटत न्हाय, ती वळते."

हेमाली वाकून बघत राहिली. कमळनं डावा हात उजेडात धरला. तर्जनीचं नख काळं कुळकुळीत.

"चिमटा ह्या बोटाला व्हता," ती म्हणाली.

परेशला फोन गेला. त्यानं रिपोर्ट उघडून त्या रेघा पाहिल्या. मग म्हणाला, बरोबर आहे, चिमट्यातला उजेड नखातून आरपार जातो, काळ्या रंगातून कसा जाईल, आणि हे मीच बघायला हवं होतं. काकी, नेलपॉलिश विचारलं होतं मी. कमळ म्हणाली, आरं, नेलपॉलिश व्हय? हा गणपतीच्या डोळ्यांचा रंग हाय.

घरात दिवाळी झाली. रिपोर्ट खोटा! नामानं बाजारातून पापलेट आणलं. गणराज मोटारसायकल काढून आला. चारशे मूर्ती अडकल्या होत्या, राहुलची पापणी जाड यायची, मुंबईची गिऱ्हाइकं कुरकुरत होती. "काकी, उद्यापासून ये. कागदच खोटा निघाला ना? पाट तुझाच हाय."

ज्याच्यासाठी जीव तळमळत होता ते स्वतः चालत दारात आलं होतं. फक्त व्हय म्हणायचं होतं. कमळनं वही उघडली आणि बोट ठेवलं.

"ऑक्सिजन खोटा. परेश म्हनला, अर्धवट श्वास मोजाया ऑक्सिजन लागतो, म्हंजी ते सतराबी धरू नको. पण हे एकवीस नाकावरच्या नळीनं मोजल्यात, गणू. नाकाला मी कवा रंग लावलाय?"

"अगं, पण..."

"एकवीस थोडं झालं काय? मी पाटावर बसल्या बसल्या झोपले, ते तर कागदात न्हवतं. ते तू डोळ्यानं बगितलंस. परत टेस्ट करनार. मग बोलू."

गणराज चहा न पिता गेला. नामा चिडला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणारी बाई त्यानं आजवर पाहिली नव्हती. "खरा आकडा कळून काय करनार हायेस तू?" त्यानं विचारलं.

"मला म्हाईत पायजे, मी झोपेत मरते का न्हाय!"

नामा खाली बसला. त्यानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग म्हणाला, "बावीस."

"काय बावीस?"

नामाचं अर्धं आयुष्य मिठागरावर गेलेलं. मिठाच्या पाट्या मोजताना पहिल्या पाटीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. त्याच चालीवर नामा नऊ वर्षं पडवीतून बायकोचा श्वास मोजत होता. घोरणं थांबलं की मोजायला लागायचा, परत सुरू झालं की सुटलो म्हणायचा. कधी बारा, कधी पंधरा. एकदा बावीसपर्यंत गेलं तेव्हा तो उठून आत आला होता. उकाडा कधीच नव्हता. शेजारी पडून ते ऐकवत नव्हतं आणि सांगितलं तर ती लाजून अर्धी होईल अशी त्याला भीती वाटायची.

कमळला आधी रडू आलं आणि मग भयंकर राग आला.

"नऊ वर्सं मोजत बसलात, आन् सांगितलं न्हाय?"

"मला वाटलं, वयानं व्हत आसंल," नामा म्हणाला. त्या दिवशी त्यानं पडवीतलं अंथरूण आत आणून टाकलं.

दुसरी टेस्ट उजव्या हाताच्या अनामिकेवर झाली. ते बोट कमळनं साबणानं तीनदा घासलं. नवा रिपोर्ट हेमालीच्या आधी तिनंच उघडला. पूर्ण थांबणं बावीस, अर्धवट बारा, बेरीज चौतीस. ऑक्सिजन खाली गेला तो अठ्ठ्याहत्तरपर्यंत. अठ्ठावन्नची भीती गेली, आजार मात्र जोराचाच राहिला. शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता होता. उताणं झोपल्यावर तासाला बावन्न आणि कुशीवर सोळा. कमळनं पहिल्या रिपोर्टात तोच तक्ता शोधला. तिथंही उताणंच वाईट होतं.

तेजस्वी डॉक्टर म्हणाल्या, कुशीवर झोपा, त्यानं आराम पडेल, पण त्यावर भागणार नाही. रात्री हवा देणारं मशीन लागेल, ते झोपेचे डॉक्टर ठरवतील. तोवर झोपेच्या गोळ्या नकोत, शिडीवर चढणं नको. आखणी केलीत तर सकाळी, झापड येईपर्यंतच.

कमळनं मूर्ती गुंडाळायच्या स्पंजाचा एक जाड गोळा कापला आणि जुन्या पोलक्याच्या पाठीत शिवून टाकला. उताणं व्हायला गेलं की तो टोचे. तरी वळलीच, तर नामा तिला कोपरानं ढोसे. पाच दिवसांनी तिला सकाळी डोकं हलकं वाटलं. दुपारी मात्र झापड येतच होती, म्हणून दुपार तिनं हिशेबातच धरली नाही.

झोपेच्या डॉक्टरांच्या तारखेला अजून पाच दिवस होते, त्या सकाळी सातला कमळ कारखान्यात गेली. बरोबर घड्याळ घातलेला नामा. तिनं गणराजला उभ्या उभ्या सांगितलं, "सात ते नऊ. डोळा जड झाला, की त्याच्या आदीच उठनार. दुपारी राहुलला शिकवनार, पन ब्रश धरनार न्हाय. मशीन आलं की पुडचं बगू. पटत आसंल तर सांग."

"काकी, दोन तासांत किती होणार?"

"व्हतील तेवडं. ती फळीवरची काड."

गणराजनं फडकं काढून मूर्ती पाटावर आणली. राहुल मुकाट्यानं बाजूला सरला. कमळ बसली. ब्रश बुडवला आणि सवयीनं डावं बोट पुढं आलं. नखाच्या मुळाशी दोन-तीन आठवड्यांत वाढलेली एक कोर स्वच्छ दिसत होती. तिनं बोट मागं घेतलं आणि शेजारच्या करवंटीवर रेघ ओढून पाहिली. मग तिनं श्वास धरला.

दारात उभा नामा नकळत पुटपुटायला लागला. लाभ, दोन, तीन, चार, पाच. तो सहा म्हणणार, तेवढ्यात कमळनं ब्रश उचलला आणि श्वास सोडला. पापणी पुरी झाली होती. नामानं कपाळावरचा घाम पुसला.

नऊ वाजेपर्यंत अकरा मूर्ती झाल्या. डोळे टक्क उघडे होते आणि हात चालत होता. गणराजनं बारावी मूर्ती तिच्यापुढं सरकवली. "ही एवढी एकच, काकी. चांगली जागी हायेस की."

कमळनं नामाच्या घड्याळाकडे पाहिलं, ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि मूर्तीवर स्वतःच्या हातानं फडकं टाकलं.

"हिचा डोळा सुरू न्हाय केला मी," ती उठत म्हणाली. "उद्या सकाळी करीन."