उन्मेष पेडणेकरची बिनतोड सही

पडदा वर जातो तेव्हा काळाचौकीतल्या एका चाळीचं पटांगण दिसतं. रविवारची सकाळ. गणपतीची कमान अजून उतरवलेली नाही. तिच्याखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप, मागे पांढरा पडदा, समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अख्खी चाळ. आणि टेबलाशी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, नायकाच्या थाटात उभा उन्मेष पेडणेकर. टाळी मात्र अजून पडलेली नव्हती.

उन्मेष या चाळीतला पहिला सॉफ्टवेअर इंजिनियर. लहानपणी मंडळाच्या नाटकात त्याला शिपायाचं काम दिलं, तर तो राजाचे संवाद दुरुस्त करत बसला. ती सवय पुढे पगारासोबत वाढत गेली. चाळीच्या पुनर्विकासाला कोणाची संमती, कोणाचा नकार, हे कागदावर घ्यायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "अंगठेबहाद्दरांचा जमाना गेला," आणि महिनाभर खपून त्याने ॲप बनवलं.

"यातलं कुलूप मी घडवलेलं नाही," तो आता सांगत होता. "ते घरी घडवायला जातो तो मूर्ख. जगभरच्या जाणकारांनी तपासलेली कोडची तयार लायब्ररी आहे, मी ती ॲपमध्ये बसवली. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची गुप्त किल्ली. पिन टाकला की तिने सही होते. उत्तराचं एक अक्षर जरी कोणी बदललं, तरी सही खोटी ठरते. नक्कल अशक्य!"

"जरा सोपं करून सांग रे," मागून शेजारचा राजेश ओरडला.

"याहून सोपं बालवाडीत मिळेल."

त्याने कळ दाबली. पडद्यावर नावं, प्रत्येकापुढे हिरवी खूण. सगळ्यांची संमती. बिल्डरचा माणूस हात मिळवायला उठलासुद्धा.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अंबिका उभ्या राहिल्या. उन्मेषची आई. नव्या खोलीचं क्षेत्रफळ लेखी मिळत नाही तोवर संमती नाही, हे त्या वर्षभर सांगत होत्या.

"मी सही करूकच नाय."

उन्मेषने सर्वांसमोर त्यांची सही पुन्हा तपासली. पुन्हा हिरवी खूण. "आई, सही तुझ्याच किल्लीने झालीय. तू विसरली असशील."

"विसारलंय? चाळीत कोणाचा बारसा कधी झाला ता माका आठवता! आणि माझो फोन आठवडोभर कुशाबाकडे आसा."

कुशाबा म्हणजे चाळीचे सेक्रेटरी. ते कौतुकाच्या अपेक्षेने उठले. "सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन माझ्याकडेच आहेत. ॲप टाकायला आणले होते. म्हटलं, एकेकाला कशाला त्रास, सह्याही उरकून टाकू."

पोस्टमन येवो की गॅसवाला, घरात कोणी नसलं तर कुशाबाच सही करत आले होते. त्यात वावगं काही असतं, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"पण पिन?" उन्मेषचा आवाज चिरकला.

"तूच म्हणालास, लक्षात राहील असा ठेवा. मी सगळ्यांना मंडळाच्या स्थापनेचं वर्षच ठेवलंय."

सगळ्या माना वर झाल्या. कमानीवर ते वर्ष हातभर आकड्यांत रंगवलेलं होतं.

लायब्ररीने आपलं काम चोख केलं होतं. आपण जिथे वाढलो त्या चाळीत बंद दार म्हणजे भांडण झाल्याची खूण, एवढी साधी गोष्ट या विद्वानाने हिशेबात धरली नव्हती. तरी त्याने हट्ट सोडला नाही. प्रेक्षक उठून चालले तरी उरलेलं वाक्य म्हणणारे नट असतात, त्यांतला तो. "तांत्रिकदृष्ट्या सह्या वैधच आहेत."

"मगे त्या हिरव्या खुणेकच आता आये म्हण," अंबिका म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बिल्डरचा माणूस कानाशी आला. "साहेब, तुम्ही फक्त ही यादी पाठवून द्या. पुढचं मी बघतो."

बोट कळीवर होतं. दाबलं असतं, तर उन्मेषचा शब्द खरा झाला असता आणि आईचा खोटा. त्याने आईकडे पाहिलं. ती कमानीकडे बघत होती.

आता जे घडलं त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. इतकी माणसं समोर असताना स्वतःचा पडदा स्वतः पाडायला छाती लागते. त्याने सगळ्या सह्या रद्द केल्या, लॅपटॉप मिटला आणि घसा खाकरला.

"ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा. आणि कुशाबाकाका, तुम्ही फक्त स्वतःचा."