चढणीच्या बाजूचे पट्टे

पन्नाशी उलटली तरी डोंगरावर सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला जाऊन तीन महिने झाले होते आणि धाकट्याला अजून रडू आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल, म्हणून त्यानं वाट बघणंही सोडलं होतं.

दोघा भावांचं काम एकच. माथ्यावर जाणाऱ्या जंगलवाटेवर बासष्ट झाडांच्या खोडांवर पिवळे पट्टे ओढायचे, म्हणजे फिरायला येणारे चुकत नाहीत. दरवर्षी एका दिवसात. यंदा वनखात्याच्या साहेबांनी आधीच सुनावलं होतं, "एकट्याला जमतंय का बघू. संध्याकाळपर्यंत वाट पुरी झाली तर काम तुमचं, नाहीतर पत्र्याच्या पाट्या ठोकून मोकळे होऊ, कसं?" साहेबांचं प्रत्येक वाक्य 'कसं'वर येऊन टेकायचं.

रंगाचा डबा धरायला वहिनी आली. "मी मुळीच बोलणार नाही हं भाऊजी," म्हणाली आणि पहिल्याच वळणापासून सुटली. "माझे गुडघे ऐका, कसे करकरतायत! आणि हे झाड बघा, मेलं माजलंय नुसतं!" धाकटा 'हं' म्हणायचा, झाड ओलांडून वरच्या अंगाला जायचा, मागे वळून पट्टा ओढायचा, की पुढे. समोर फांद्यांतून दरी उघडायची, तळाशी नदीची रेघ. "अगंबाई, काय सुंदर!" वहिनी म्हणायची. त्याला ते सगळं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरसारखं दिसायचं.

दुपारी दोनला माथ्यावरचं शेवटचं झाड झालं. तेवढ्यात गळ्यात शिटी अडकवलेले एक निवृत्त मास्तर आपलं फिरायचं मंडळ घेऊन धापा टाकत पोचले.

"अहो रंगारी, खुणा काय स्वतःसाठी काढता? दोनदा चुकलो! चढताना एक दिसेल तर शपथ. मागे वळून बघावं, तर चकचकीत!"

धाकट्यानं ब्रश खाली केला. प्रत्येक झाडाला दोन पट्टे लागतात. खालच्या अंगाचा चढणाऱ्यांसाठी, वरच्या अंगाचा उतरणाऱ्यांसाठी. तीस वर्षं खालचा थोरल्यानं ओढला, वरचा त्यानं, एकाच वेळी, मध्ये खोड. आज त्यानं आपला तेवढा ओढला होता. बासष्ट वेळा.

"मला वाटलं, ते तुम्ही उतरताना काढणार," वहिनी म्हणाली.

"हो. उतरतानाच."

आता झाडाच्या खाली उतरायचं आणि वर तोंड करून उभं राहायचं. या बाजूनं दरी नव्हतीच. माती, मुळं, पुढचं खोड.

"म्हणजे हे तीस वर्षं एवढंच बघत होते? कधी जागा बदला म्हणाले नाहीत?"

"दादा एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, राहू दे, मला याच बाजूची सवय झालीय."

पुढच्या झाडाशी वहिनी त्याच्या शेजारी येऊन वर तोंड करून उभी राहिली.

ऊन कलंडलं तेव्हा वीस झाडं बाकी होती. वहिनीनं पिशवीतून थोरल्याचा ब्रश काढला, पदर खोचला आणि पुढच्या झाडाकडे चालू लागली. तिचे पट्टे वाकडे येत होते. धाकट्यानं एकही नीट केला नाही.

दिवे लागायच्या सुमारास पायथ्याशी साहेब मोटारसायकलला टेकून उभे होते. शेवटच्या झाडाशी वाकून त्यांनी डोळे बारीक केले.

"हा तिरपा गेलाय, कसं?"

"आमच्या दुसऱ्या माणसाचा आहे," धाकटा म्हणाला. "नवीन आहे. हात बसेल."

साहेबांनी वहिनीच्या पिवळ्या झालेल्या कोपराकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी सरळ आले पाहिजेत, कसं?"

बरं वाटलं की वाईट, ते धाकट्याला कळलं नाही. त्यानं डब्याचं झाकण तळव्यानं दाबून बसवलं.