दाराला चार बोटं जास्त

आमच्या घराचं पुढचं दार वाडीतल्या सगळ्या दारांपेक्षा उंच आहे. नवा माणूस आला की आधी मान वर करून बघतो आणि मग आत येतो. शेजारची काकी तर बाबांना विचारायचीच, "ह्या दारातसून हत्ती येतलो काय रे?" बाबा हसून रंधा मारत राहायचे. ते सुतार होते आणि त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची दारं करण्यात गेलं.

चौकट करायला घेतली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचो गणपती हाडता कोण?" आमच्याकडे गणपती शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागेतून, पाटावर घालून, डोक्यावर घेऊन आणतात. दारात पायांवर पाणी घालून ओवाळलं की तो तसाच डोक्यावरून आत यायला हवा. म्हणून बाबा त्या माणसाला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा करायचे, डोक्यावर पाट द्यायचे आणि पाटावर मूर्तीएवढी काठी धरून माप घ्यायचे. त्यानंतर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला चालायला लावायचे, तिचा पाय किती उचलतो ते बघायचे आणि तेवढाच उंबरा ठेवायचे. एवढं कोणी सांगितलेलं नसायचं. त्यांना ते सुचायचं.

एकदा मात्र चुकले. पलीकडच्या वाडीतल्या एका घराची चौकट त्यांनी सारवलेल्या जमिनीवरून मापली. पुढे त्या लोकांनी आत-बाहेर लादी घातली आणि जमीन चार बोटं वर आली. चतुर्थीच्या सकाळी घरचे आजोबा गणपती घेऊन दारात आले, तर मुकुट वर अडकायला लागला. निरोप आला तसे बाबा आमची पूजा अर्धी टाकून धावले आणि मी त्यांच्या मागे. मी तेव्हा आठवीत होते. आजोबा गणपती खाली उतरवायला तयार नव्हते. "खाली ठेवूचय नाय," एवढंच म्हणत होते आणि त्यांचे पाय थरथरत होते. बाबा स्टुलावर चढले. चौकटीला ते खिळे मारत नसत, लाकडी खुंट्या घालत. त्यांनी भराभर खुंट्या काढल्या, दारावरची जाळी आणि तिच्या खालची आडवी पट्टी उतरवली. गणपती ताठ मानेने आत गेला.

जमलेल्यांपैकी कोणीतरी लादीवाल्याला बोल लावला. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "तेका कित्याक? चूक माझी. लादी घालतले काय, ता मिया आधी इचारूक व्हया होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं मी वाटेत फणकाऱ्याने विचारलंही. ते म्हणाले, "दार माझा, मगे चूक कोणाची?" आज त्या उत्तराचा मला इतका अभिमान वाटतो की कोणी विचारलं नाही तरी मी ही गोष्ट सांगते.

आमचं स्वतःचं दार त्यांनी त्यानंतर तीन-चार वर्षांनी केलं. मी तोवर ताडमाड वाढले होते, बाबा माझ्या कानापर्यंत यायचे. त्यांनी मला खळ्यात उभी केली आणि डोक्यावर पाट ठेवला. मी वैतागले. "गणपती तुमी हाडतास, मगे माप माझा कित्याक?"

"गप उबी रव," ते म्हणाले. माप घेतलं आणि वर चार बोटं जास्त धरली, लादीसाठी. पुढे लादी काही घातली नाही. मला वाटलं, हाताशी दुसरं कोणी नव्हतं म्हणून मला धरलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. नंतरची पहिली चतुर्थी आली आणि घरात एकच प्रश्न होता, गणपती आणायचा कोणी? आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. चुलतकाकांनी त्यांच्या मुलाला पाठवायचं ठरवूनच टाकलं होतं. मुलगी असून मी आणते म्हटल्यावर ते चमकले. "चेडवान गणपती हाडूचो?"

मी उलट बोलणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती काकांसमोर सहसा बोलत नाही.

"भावजीनू, ह्या दार त्येंनी हिच्याच मापान केल्यानी," ती म्हणाली. "आता दुसरो कोण हाडतलो?"

काका दाराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. सकाळी शाळेत पाट माझ्या डोक्यावर त्यांनीच चढवला आणि वाटभर माझ्या बाजूने चालले. दारात बहिणीने पायांवर पाणी घातलं, आईने ओवाळलं. मी मान न वाकवता आत गेले. मुकुटाच्या वर बरोबर चार बोटं जागा उरली होती, असं आई म्हणाली. मला वर बघता येत नव्हतं.