शून्य नंबरापेक्षा लहान झबलं

आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांचे कपडे शिवतात. मी कापड कापते. शेजारच्या मशीनवर टकळी बसायची. हे नाव मीच ठेवलेलं, कारण मशीन बंद पडलं तरी हिचं तोंड चालूच. सिगारेट ओढणाऱ्यांना मुकादम दहा मिनिटं मागच्या जिन्यात सोडायचा. न ओढणाऱ्यांना सुट्टी कसली? या नियमापायीच आम्ही दोघी ओढायला शिकलो.

टकळीला दिवस गेले तेव्हा तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं. "ताई, आता बंद."

"वेडी आहेस का? दहा मिनिटं पाठ तरी टेकता येते. आणि धुराने बाळ जरा लहान राहतं, बाळंतपण सोपं जातं."

कुठेतरी ऐकलेलं, पण असं ठणकावून सांगितलं की जणू मीच सुईण. खरं म्हणजे मला जिन्यात एकटीला करमत नव्हतं. तिने पाकीट परत घेतलं.

आठव्या महिन्यातच मुलगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली. शून्य नंबर हे आमचं सगळ्यात लहान माप. त्यात ती हरवूनच गेली. त्याहून लहान झबल्याचा साचा नव्हता. मी अंदाजाने कापलं, शिवलं आणि दवाखान्यात नेलं. तेही ढगळ झालं.

डॉक्टरीणबाई टकळीला समजावत होत्या. धुरामुळे पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो, त्याची वाढ खुंटते, ते वेळेआधी जन्मू शकतं, फुफ्फुसं कच्ची राहतात. "लहान बाळ म्हणजे सोपं बाळंतपण, हे तुमच्या डोक्यात भरवलं कुणी?"

टकळी माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणी नाही. माझीच अक्कल."

मुकादमाशी उठसूट हमरीतुमरीवर येणारी मी, तेव्हा दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

पोरगी आता सहा वर्षांची आहे. आईसारखीच बडबडी, पण जिना चढताना वाक्य अर्ध्यावर तुटतं. मग मी तिच्याबरोबर पायरीवर बसते.

परवा ती म्हणाली, "मावशी, मला दम लागतो ना, तो आईच्या चुकीमुळे. आईनेच सांगितलं."

"आईची नाही गं," मी म्हणाले. "तिने सिगारेट सोडली होती. मी पुन्हा ओढायला लावली."

ती पायरीवरून उठली. मग माझा हात सोडून, कठड्याला धरून एकटीच वर चढू लागली.