केशरपूरची तहकूब सभा

प्रसेनजित आमच्या ग्रामपंचायतीत संगणक चालवतो. दाखले काढतो, माहिती भरतो, ग्रामसभेच्या दिवशी माइक लावतो. मानधन येतं तेव्हा येतं. या माणसानं वर्षभर एक राज्य चालवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही मला ते नीट पटत नाही.

मोबाइलवर एक खेळ आहे. त्यात शहरं वसवायची, कालवे खणायचे, सैन्य पाळायचं, शेजारच्या राजाशी लढायचं नाहीतर तह करायचा. शेजारचा राजा म्हणजे खेळातलाच संगणक. आपण ‘चाल संपली’ हे बटण दाबेपर्यंत तो जागचा हलत नाही. एकट्यानं खेळलं तर आठवड्याभरात निकाल लागतो.

प्रसेनजितला एकट्याचं राज्य मान्य नव्हतं. त्यानं टेलिग्रामवर ग्रुप काढला. दोनशेवर माणसं जमली. वाशीमची, अकोल्याची, पुण्यात कंपनीत गेलेली आपली पोरं, एक दुबईचा. खेळ एकच, राज्य एकच. प्रत्येक चाल मतदानानं ठरायची. फोन प्रसेनजितच्या हातात, पण ठराव झाल्याशिवाय त्यानं बोट लावायचं नाही. खेळाच्या सुरुवातीला राजाचं नाव विचारतात. त्यानं ‘आम्ही सर्व’ असं टाकलं. शेजारचा राजा निरोप पाठवायचा तेव्हा वर लिहिलेलं असायचं, ‘आदरणीय आम्ही सर्व’.

मी एम.ए. मराठी. म्हणून सभेचं इतिवृत्त माझ्याकडे आलं. दुसरं कामही नव्हतं.

सभा रोज संध्याकाळी सातला भरायची. पहिला विषय राजधानीचं नाव. त्यावर इतकी चर्चा झाली की तोवर खेळातला गव्हाचा हंगाम गेला आणि प्रजा उपाशी राहिली. मग उपासमारीवर चर्चा झाली. ती पुढच्या हंगामापर्यंत पुरली.

नियम प्रसेनजितनं लिहिले. त्याला माहीत असलेली लोकशाही एकच, आमच्या ग्रामसभेची. तिथून त्यानं सगळं उचललं. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं. कायम झाल्याशिवाय ठरावाचा अंमल नाही. हरकत असेल तर आधी हरकत ऐकायची. गणपूर्ती शंभराची. शंभर माणसं नसतील तर सभा तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते.

हा शेवटचा नियम आमच्याकडे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. ग्रामसभेला कधीच पुरेशी माणसं येत नाहीत. म्हणून खरी सभा कोणी भरवतच नाही. सगळे तहकूब सभेची वाट पाहत पारावर तंबाखू मळत बसतात. प्रसेनजितच्या राज्यातही तेच झालं. सात वाजता सभा तहकूब व्हायची. साडेसातला दहाबारा जण राज्य चालवायचे. बाकीचे दोनशे जण सकाळी होकाराचा अंगठा टाकून मोकळे व्हायचे.

एक नियम मात्र ग्रामसभेतला नव्हता. बोलणाऱ्याला मधे थांबवायचं नाही. तो त्यानं आपल्या आईसाठी केला होता.

त्याची आई केशरबाई, माझी मावशी म्हणायची, ग्रामपंचायतीची सदस्य होती. महिलांची जागा निघाली म्हणून पाच वर्षं सदस्य. तिनं एकच मागणी धरली होती, वस्तीत सार्वजनिक विहीर. मावशी उभी राहिली की कोणीतरी म्हणायचं, बसा बाई, समजलं. तिचं वाक्य पाच वर्षांत एकदाही पूर्ण झालं नाही. विहीर मंजूर झाली. मग एका तहकूब सभेत जागा बदलली आणि विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्या सभेला मावशी नव्हती. ती ठरल्या वेळेला जाऊन, सभा तहकूब झाली म्हणून घरी आली होती. त्याच दिवशी सभा परत भरणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रसेनजितनं खेळात सीमेवर एक शहर वसवलं. रीतसर ठराव करून. नाव केशरपूर. पहिलं बांधकाम विहिरीचं. नकाशावर तो निळा ठिपका त्यानं आईला दाखवला. मावशी हसली. पण दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापताना विचारायला लागली, माह्या गावात आज काय झालं. दिवसभर शेतात सोयाबीन सोंगून आली तरी आधी तेच विचारायची.

थंडीत शेजारच्या राजानं केशरपूरच्या वेशीवर सैन्य आणून उभं केलं. निरोप आला. आदरणीय आम्ही सर्व, हे शहर द्या, नाहीतर युद्ध.

उत्कर्ष नावाचा एक सभासद होता. मूळ धनजचा, पुण्यात नोकरीला. हुशार मुलगा. त्यानं हिशेब मांडला की शहर दिलं तर शांतता मिळेल, लोखंडाची खाणही मिळेल. हिशेब बरोबर होता. तहकूब सभेचा नियमही त्याला बरोबर समजला होता. सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं तो चार मित्र घेऊन आला. ठराव झाला. बाजूनं सात, विरुद्ध चार. केशरपूर देऊन टाकायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी होतो. मावशीनं नेहमीचा प्रश्न विचारला. प्रसेनजितनं खाली मान घालून सांगितलं.

‘सभासद किती हायेत तुह्या राज्यात?’ मावशीनं विचारलं.

‘दोनशे चाळीस.’

‘मंग सातानं कसं देल्लं?’

‘तहकूब सभा व्हती माय.’

मावशीचा हात काठवटीत थांबला.

‘तो नियम तिथं कोनं नेला?’

‘म्याच नेला.’

तव्यावरची भाकरी जळायला लागली तेव्हा तिनं ती उलटली.

मी प्रसेनजितला म्हणालो, ‘बटण नको दाबू. फोन तुह्याजवळ हाय. कोनाले काय कळते?’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू विहाराची दानपेटी फोडायला सांगितली होती.

‘आपल्या मनानं नाई दाबलं तर मी राजा झालो ना बे,’ तो म्हणाला.

हे तो खरोखर म्हणाला. ज्या राज्यात एक दाणा खरा नाही, एक शिपाई खरा नाही, त्या राज्यासाठी. त्याचे डोळे भरले होते. तेवढं खरं होतं.

मावशीनं हात धुतले. पदराला पुसले.

‘आज पयला विषय काय हाय?’

‘कालचं इतिवृत्त कायम करनं.’

‘त्यात हरकत घेता येते?’

‘येते.’

‘बोलनाऱ्याले मधात थांबवत नाई कोनी?’

‘नाई.’

‘मंग मले घे सभेत.’

बचत गटाच्या कामासाठी मावशीकडे फोन होता. प्रसेनजितनं तिला सभासद करून घेतलं. सात वाजता नेहमीसारखी सभा तहकूब झाली, साडेसातला मी इतिवृत्त टाकलं. एरवी ते कोणी वाचत नाही. ‘कायम’ असं लिहून मोकळे होतात. त्या संध्याकाळी आठ ‘कायम’ आले आणि मग मावशीचा आवाज आला.

‘सर्वाले जय भीम. माही हरकत हाय. काहून हाय ते सांगतो. पयले थे विहिरीचं सांगा लागते.’

ती बोलत राहिली. सदस्य झाली त्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. पहिल्या मीटिंगला कोण कुठं बसलं होतं, चहा कोणाला मिळाला, कोणाला नाही. उत्कर्षनं लिहिलं की हे विषयाला धरून नाही. प्रसेनजितनं नियम चिकटवला. बोलणाऱ्याला थांबवता येत नाही. तासाभरानं मावशी म्हणाली, ‘बाकीचं उद्या सांगतो.’

हरकत पूर्ण ऐकल्याशिवाय इतिवृत्त कायम होत नाही. कायम झाल्याशिवाय ठरावाचा अंमल नाही. अंमल नाही म्हणून ‘चाल संपली’ दाबता येत नाही. दाबत नाही तोवर शेजारचा राजा हलत नाही. सगळं नियमानं.

दुसऱ्या दिवशी मावशी ग्रामसेवकापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी एका सदस्याच्या नवऱ्याची नक्कल केली. त्या बाईच्या नावानं तोच सह्या करायचा, तोच भाषण करायचा. लोक हसले. त्यांनी आपापल्या घरी ऐकवलं. बायका सभासद झाल्या. इंझोरीची एक आशाताई लिहायला लागली, आमच्याकडे बी असंच. आठवड्याच्या आत शंभरावर माणसं सातच्या ठोक्याला हजर राहायला लागली. राज्याच्या इतिहासात पहिल्यांदा गणपूर्ती झाली. सभा तहकूब करायचं कारण उरलं नाही.

मावशीनं हरकत घेतली त्या दिवसापासून खेळ बंद आहे. कोणी काही बांधत नाही, कोणी लढत नाही. कालवा अर्धा खणलेला आहे. लोकशाही मात्र अशी जोरात आहे की प्रसेनजितला फोनचा चार्जर बदलावा लागला.

आता ऊन तापायला लागलं आहे. शेजारच्या राजाचं सैन्य केशरपूरच्या वेशीवर तसंच उभं आहे, भाले वर धरून. संगणकाला कंटाळा येत नाही. विहिरीचा निळा ठिपका जागेवर आहे. मावशीच्या सांगण्यात सदस्यपदाचं दुसरं वर्ष अजून संपायचं आहे.

उत्कर्ष ग्रुप सोडणार असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं सोडला नाही. काल मावशीनं बोलणं थांबवल्यावर त्यानं लिहिलं, ‘मावशी, मंग त्या नळाच्या पाइपाचं काय झालं?’

मावशीचा आवाज आला, ‘उद्या सांगतो बाबू. जेवला काय?’

हे मी इतिवृत्तात घेतलं. ते वाचून कायम व्हायचं आहे.